पद्मिनी, मिग आणि पान पसंद

परवा पुण्याहून दादाचा फोन. नेहमीसारखं "कशी आहेस, मुलं कशी आहेत" झालं आणि मग मुद्द्याची गोष्ट. "तू सिन्नरला चाललीयेस ना? मग अण्णांना समजाव. फेब्रुवारीत गाडीचं पासिंग संपतंय. भंगारवाला पंचवीस हजार देतोय. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील."

हे "तुझं ऐकतील" मी गेली चाळीस वर्षं ऐकत आले आहे. अण्णांनी अजून एकदाही माझं ऐकलेलं नाही. असो.

गाडी म्हणजे आमची पद्मिनी. १९८६ ची, मूळची पांढरी, आता साधारण सायीच्या रंगाची. अण्णांनी ती १९९२ साली नाशिकच्या एका डॉक्टरांकडून सेकंड हँड घेतली. तेव्हा आम्ही ओझरच्या टाउनशिपमध्ये राहायचो. अण्णा मिगच्या कारखान्यात, जुळणी विभागात. १९६८ साली एकविसाव्या वर्षी लागले आणि २००७ साली रिटायर होऊन सिन्नरच्या जुन्या घरी आले. सामानाचा टेम्पो पुढे आणि मागून पद्मिनी. आईच्या मांडीवर तुळशीची कुंडी. ती कुंडी आता नाही, आईही नाही. गाडी आहे.

आणि नेमकं त्याच रविवारी गावात एका शाळेच्या मैदानावर "जुन्या गाड्या आणि जुनी विमानं" असं प्रदर्शन होतं. तिकीट तीस रुपये, जमलेले पैसे एका धर्मादाय दवाखान्याच्या डायलिसिस मशीनसाठी. शेजारच्या काकांनी अण्णांना गळ घातली, "गाडी आणाच." अण्णांनी मला गळ घातली, "तू चलच." म्हणजे गाडी काढून टाका असं सांगायला आलेली मी सकाळी सात वाजता बादली आणि फडकं घेऊन तीच गाडी पुसत होते!

सिन्नरला जुन्या वस्तूंची सवय आहे म्हणा. यादवांच्या काळातलं गोंदेश्वर इथे शतकानुशतकं उभं आहे आणि त्याला कुणी पासिंग विचारत नाही. पण माणसाच्या जुन्या वस्तूंना मात्र नियम फार. मैदानावर शिरल्याशिरल्या एका हौशी तरुणानं मला या जगाची वर्गवारी समजावली. १९१९ ते १९३० मधली ती व्हिंटेज. त्याच्या आधीची व्हेटरन नाहीतर एडवर्डियन. नंतरच्या म्हणजे क्लासिक वगैरे. ही झाली हौशी क्लबांची भाषा. सरकारची भाषा वेगळी. जुलै २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. तिला 'व्हीए' अक्षरांची खास पाटी मिळते, नोंदणीचे २० हजार रुपये पडतात आणि ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच.

"म्हणजे आमची कधी होईल व्हिंटेज?" मी विचारलं.

"२०३६ ला, काकू."

अण्णा बाजूला उभे होते. म्हणाले, "मी तेव्हा एकोणनव्वदचा. माझी पाटी आधी निघेल."

गाड्या पंधरा-वीसच होत्या, पण छान होत्या. एक विलीज जीप, एक मॉरिस मायनर, एक लँडमास्टर, दोन लँब्रेटा, तीनचार बुलेट. एक १९६४ च्या आसपासची फियाट होती, आमच्या पद्मिनीची थोरली बहीण. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना कर्ज काढून घेतली ती याच जातीची. बारा हजारांची गाडी, सात हजार जवळचे आणि पाच हजार बँकेचे. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीनं, ललिताबाईंनी, ते कर्ज फेडलं. गाडी अजून दिल्लीला त्यांच्या स्मारकात आहे.

विमानं मात्र खरी नव्हती, रिमोटवर उडणारी होती. नाशिकच्या काही पोरांनी बनवलेली. एक टायगर मॉथ, एक पस मॉथ आणि एक थर्माकोलचं मिग-२१. पस मॉथ उडालं तेव्हा माइकवरच्या मुलानं जे.आर.डी. टाटांची गोष्ट सांगितली. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते अशाच विमानातून टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले. एअर इंडियाची सुरुवात ती. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी जुन्या लेपर्ड मॉथमधून तोच प्रवास पुन्हा केला, एकट्यानं. ७८ ऐकल्यावर अण्णांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी निमूटपणे पंचवीस हजारांचा विषय पुढे ढकलला. अण्णाही ७८ चेच आहेत.

आता खरी गंमत. उन्हात उभं राहून घसा सुकला म्हणून मी गाडीतला डॅशबोर्डचा कप्पा उघडला. अण्णांच्या कप्प्यात वर्षानुवर्षं तीनच गोष्टी असतात. पेचकस, पिवळं फडकं आणि पान पसंदच्या गोळ्या. गोळी तोंडात टाकली, कागदाकडे बघितलं आणि एकदम डोक्यात काहीतरी लागलं. रावळगाव! आपल्याच नाशिक जिल्ह्यातलं, मालेगाव तालुक्यातलं. त्या साखर कारखान्याचा मालक कोण होता? वालचंद हिराचंद. ही पद्मिनी बनवणारी प्रीमिअर कंपनी कुणाची? वालचंद हिराचंदांची. आणि अण्णा ज्या एचएएलमध्ये एकोणचाळीस वर्षं घाम गाळत होते, तिचं मूळ कुणी रोवलं? त्याच माणसानं.

आमच्या घरी गाडी, पगार आणि गोळ्या एकाच माणसाच्या कृपेनं येत होत्या आणि आम्हाला पत्ता नाही!

घरी आल्यावर मी दोन दिवस पुस्तकं काढून बसले. सगळं इथे लिहीत नाही, पण थोडंसं सांगायलाच हवं.

वालचंद सोलापूरचे, १८८२ चा जन्म. घरची पेढी सोडून रेल्वेच्या बांधकामाचे ठेके घेऊ लागले. १९१९ साली सिंदियाची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून इंग्लंडला निघाली, तिच्यामागे हेच. इंग्रजी कंपन्यांच्या मक्तेदारीत आपली बोट घालणं म्हणजे त्या काळी वेडेपणाच होता. ती निघाली तो ५ एप्रिल आपण अजून राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळतो. मग रावळगावची उजाड जमीन घेऊन ऊस, १९३३ साली कारखाना. मग डोक्यात मोटार. १९३९ साली ते त्यासाठी अमेरिकेला गेले. फोर्डकडे जमलं नाही, क्रायस्लरकडे जमेल असं वाटू लागलं. परतीच्या विमानप्रवासात त्यांची गाठ पडली विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन माणसाशी. हा पॉली चीनमध्ये विमानं जुळवायचा कारखाना चालवत होता.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. माणूस मोटार आणायला गेला आणि विमान घेऊन आला.

युद्ध सुरू झालेलं. सरकारला विमानं हवी होती, पण भारतीय माणसानं कारखाना काढायचा म्हटल्यावर कपाळाला आठ्या. जागा दिली म्हैसूर संस्थाननं. दिवाण मिर्झा इस्माईल यांनी बंगळूरला ७०० एकर जमीन आणि २५ लाखांचं भांडवल देऊ केलं. २३ डिसेंबर १९४० ला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. आणि १९४१ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे आठ-नऊ महिन्यांत, तिथून पहिलं हार्लो विमान उडालंसुद्धा! आमच्या गल्लीतल्या गटाराचं काम याहून जास्त दिवस चाललंय.

पण वर्षभरात जपान बर्माच्या दारात आला. कारखाना महत्त्वाचा झाला आणि महत्त्वाची गोष्ट खासगी माणसाच्या हातात ठेवायची नाही म्हणून एप्रिल १९४२ मध्ये सरकारनं वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. पुढे युद्ध संपेपर्यंत तिथे मुख्यतः अमेरिकन हवाई दलाची विमानं दुरुस्त होत होती. वालचंदांची विमानाची हौस जेमतेम सोळा महिने टिकली. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. या माणसानं १९४४ साली जुनी मोटारीची वही पुन्हा उघडली आणि मुंबईत कुर्ल्याला प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. १९४७ साली डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळवून बाहेर पडू लागल्या. १९५३ च्या एप्रिलमध्ये वालचंद गेले. फियाट ११०० त्यानंतर, १९५४ मध्ये आली. तिचीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी. म्हणजे पद्मिनी त्यांनी बघितलीच नाही. आणि ओझरही नाही.

बंगळूरच्या कारखान्यात अगदी सुरुवातीला गेलेले एक तरुण शास्त्रज्ञ होते, डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूरकडचे, जर्मनीत गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले. आपण स्वतः आराखडा करून बनवलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान त्यांच्या हातचं. १९५१ साली उडालं आणि टायगर मॉथची जागा घेऊ लागलं. पुढचं किरण हे जेट विमानही त्यांच्याच देखरेखीखाली. रविवारी मैदानावर टायगर मॉथ गिरक्या घेत होतं तेव्हा त्याला घरी बसवणारा माणूस आपल्या मराठी मुलखातला होता, हे माइकवरच्या पोराला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, खोटं कशाला बोलू.

आता ओझर. १९६२ साली मिगचा करार झाला आणि त्याच वर्षी चीनचं युद्ध. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ साली लोकसभेवर बिनविरोध निवडून आले ते नाशिकमधून. मिगसाठी वेगळी सरकारी कंपनी निघाली. सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. १ ऑक्टोबर १९६४ ला ही नवी कंपनी आणि वालचंदांची जुनी कंपनी एक झाल्या. तीच एचएएल. यशवंतरावांनी नाशिकचं ऋण फेडलं असं आमच्याकडची जुनी माणसं अजून म्हणतात. द्राक्षांच्या मळ्यांत धावपट्टी आली आणि सिन्नर-निफाड-दिंडोरीची पोरं आयटीआय करून तिथे लागली. त्यातलेच आमचे अण्णा.

त्या कारखान्यातून साडेपाचशेहून जास्त मिग-२१ बाहेर पडली. मग मिग-२७, मग सुखोई. माझ्या लहानपणी चाचणीचं विमान उठलं की टाउनशिपमधल्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि शाळेत बाई वाक्य मध्येच थांबवायच्या. आवाज गेला की तिथूनच पुढे सुरू. आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर हल्ला करणाऱ्यांत मिग-२१ होती, हे मात्र अण्णा कौतुकानं सांगायचे. दर १४ डिसेंबरला घरी गोड असायचं. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

पण दुसरी एक बाजू होती आणि ती घरी कुणी बोलायचं नाही. बातम्यांत "मिग कोसळलं" असं आलं की अण्णा जेवता जेवता थांबायचे. घास हातात. आई हळूच रेडिओ, नंतर टीव्ही, बंद करायची. आम्ही दोघं गप्प. मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी राज्यसभेत आकडा दिला. एकूण ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली, १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक गेले. कारणं अनेक. एकच इंजिन, उतरतानाचा ताशी ३०० किलोमीटरच्या पुढचा वेग, पक्षी. आणि नव्या पोरांना साध्या जेटवरून एकदम या घोड्यावर बसवणं, कारण मधल्या पायरीचं हॉक हे शिकाऊ विमान आपल्याकडे आलं तेच २००८ साली. त्यात काही विमानं रशियातून तयार आलेली, काही इथे जुळवलेली. हे सगळं मला आता वाचून कळतं. तेव्हा फक्त हातातला घास दिसायचा.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला. मी ठाण्याहून अण्णांना फोन केला होता, "बघताय ना?" म्हणाले, "नाही. बागेत पाणी घालतोय."

तर रविवार. थर्माकोलचं मिग दोन फेऱ्या मारून उतरताना वाऱ्यानं कलंडलं आणि एक पंख तुटला. मैदानात हशा, शिट्ट्या. ज्यानं ते बनवलं होतं तो दहावीतला पोरगा तोंड पाडून तुकडे गोळा करत होता. अण्णा काठी टेकत त्याच्याकडे गेले. मी मागोमाग. अण्णांनी पंख हातात घेतला, जोड बघितला आणि म्हणाले, "जोड चांगला होता रे. तुझा दोष नाही. वारा होता."

पोरगा म्हणाला, "आजोबा, तुम्हाला काय माहिती?"

"मी खरी बनवलीयेत," अण्णा म्हणाले.

मग काय, पोरांचा घोळका! प्रश्नांवर प्रश्न. किती स्पीड, किती उंच, तुम्ही बसलात का कधी? (नाही. एकदाही नाही.) शेवटी एका छोटीनं विचारलं, "तुम्ही बनवलेलं विमान आता कुठंय?"

अण्णा जरा थांबले. म्हणाले, "ते माहीत नसतं, बाळा. धावपट्टीवरून गेलं की गेलं. नंबर लक्षात राहतो फक्त."

परत गाडीपाशी आलो. मी विचारलं, "अण्णा, अपघाताच्या बातमीत नंबर सांगायचे का?"

"नाही ना." मग बऱ्याच वेळानं, फडक्यानं बॉनेट पुसत, "सांगितला असता तर एका परीनं बरं झालं असतं. आपला नसता तर निदान जेवण गेलं असतं. आणि आपला असता तर..." वाक्य तिथेच राहिलं.

मी काही बोलले नाही. काय बोलणार? ते स्वतःच पुढे म्हणाले, "ही बरी. संध्याकाळी घरी येते. हिचा आवाज बिघडला की उघडून बघता येतं, काय चुकलं ते कळतं, दुरुस्त करता येतं."

चाळीस वर्षं जुन्या गाडीवर हा माणूस एवढा जीव का लावतो, याचं उत्तर मला मैदानावर तीस रुपयांच्या तिकिटात मिळालं. आम्ही समजत होतो अण्णा कंजूष आहेत म्हणून नवी गाडी घेत नाहीत. दादा, तू वाचतोयस ना? आत्या, तूसुद्धा हेच म्हणायचीस.

मला वाटतं जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात आपण गाड्या बघायला जातोच असं नाही. गाडी सांभाळणाऱ्या माणसानं ती का सांभाळली, हे विचारायला ती एक जागा असते. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीला संपली तेव्हा लोक हळहळले. ती हळहळ पत्र्यासाठी नव्हती. हवाई दलानंही एक टायगर मॉथ, एक हार्वर्ड, एक डकोटा दुरुस्त करून पुन्हा आकाशात आणली, तीही पेट्रोल वाचवायला नक्कीच नव्हे. रावळगावच्या गोळ्यांचे ब्रँड २०२४ साली दुसऱ्या मोठ्या कंपनीनं घेतले. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघणं कधीच थांबलं. ओझरला मात्र आता तेजस जुळतंय, ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथून पहिलं उडालं. वालचंदांच्या कामातलं जे सोळा महिन्यांत हातातून गेलं, तेच आज सगळ्यांत जोरात चाललंय. गंमतच आहे.

संध्याकाळी एक गृहस्थ आले. गाडीभोवती फिरले आणि अण्णांना थेट दीड लाख देऊ केले. मी दादाच्या पंचवीस हजारांचा हिशोब मनात करेपर्यंत अण्णांनी "बघू" म्हणून टाकलं. आमच्या घरात "बघू" चा अर्थ काय ते नातेवाइकांना सांगायला नको.

गुरुवारी मी त्यांना घेऊन नाशिकला आरटीओत गेले. नव्या दरानं, २० वर्षांवरच्या मोटारीला पासिंगचे १० हजार. पैसे मी भरले. दादा, निम्मे तुझ्याकडून घेणार आहे, कारण न सांगता. गाडी तपासणीत पास झाली, पहिल्या फटक्यात. अण्णांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन तारीख वाचली. २०३१.

"पाच वर्षं," ते म्हणाले. "बघू, कोण आधी भंगारात जातंय."

मग चोक ओढला, गिअरचा दांडा खाली घेतला, कप्प्यातून एक पान पसंद माझ्या हातावर ठेवली आणि आम्ही सिन्नरच्या रस्त्याला लागलो. मोहदरी घाट चढताना इंजिनाचा आवाज जरा बदलला. अण्णांनी मान तिरकी करून ऐकला.

"प्लग," म्हणाले. "घरी गेल्यावर बघतो."